अकरा महिन्यांचा करार

त्या दोघांना मी फाटकातच थांबवलं.

"एक विनंती आहे," मी म्हणाले. "आत माझे वडील आहेत. त्यांच्यासमोर विकत, खरेदी, किंमत यातला एकही शब्द काढायचा नाही. तुम्ही भाड्यानं घर बघायला आलात असं ते समजतील. तसंच समजू द्या."

नवरा-बायको दोघंही डॉक्टर. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे घर विकायचंय हे त्यांना माहीत नाही?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"आणि घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या." मी पिशवीतून फाइल काढून फाटकावरच उघडली. नऊ वर्षांपूर्वी आप्पांनी स्वतः बक्षीसपत्र करून घर माझ्या नावावर केलं होतं. तेव्हा त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालायचं. आता ते बक्षीसपत्र त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि आठवण करून द्यायची हिंमत माझ्यात नव्हती.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितले आणि मान हलवली. आम्ही आत गेलो.

आप्पा सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आप्पा म्हणजे भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. मिरजेत स्टेशनच्या मागं त्यांनी स्वतः नकाशा काढून हे घर बांधलं, आणि वरच्या दोन खोल्या चौतीस वर्षं भाड्यानं दिल्या. मिरज दवाखान्यांचं गाव. नर्स, कंपाउंडर, शिकाऊ डॉक्टर, कुणी ना कुणी वर असायचंच. एजंट त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही. "आपल्या घरात कोण राहणार हे आपण बघायचं," असं त्यांचं म्हणणं. भाडेकरूला ते समोर बसवायचे आणि प्रश्न विचारायचे.

"बसा की," आप्पा म्हणाले. "किती माणसं आहात?"

"दोघंच, काका. आणि आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमचं जैनांचं आडनाव बघून त्यांनी तयारी केली असावी.

आप्पांनी पुढं काही विचारलं नाही. चहा झाला, ती दोघं घर बघून गेली. फाटक लागल्याचा आवाज आल्यावर आप्पा म्हणाले, "यांना नको."

"का आप्पा? चांगली माणसं आहेत."

"मी विचारायच्या आधीच शाकाहारी म्हणाली. विचारायच्या आधी दिलेलं उत्तर खरं नसतंय."

मी कप उचलले आणि आत गेले. नळाखाली कप धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. श्रावणात आई गेली, तेव्हापासून माझं असंच चाललं होतं. लोक भेटायला यायचे, रडायचे, मी त्यांना पाणी द्यायची. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. पुण्याला मी एका औषध कंपनीत गोळ्या तपासायची. ही पास, ही नापास. त्या दिवसांत सगळं जगच मी तसं बघत होते.

आई गेल्यावर वरच्या खोल्याही रिकाम्या झाल्या होत्या, आणि आप्पांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. ते गॅस चालू करून विसरायचे. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आईला जेवायला हाक मारायचे. दिवाळीला मी त्यांना पुण्याला नेलं. तिसऱ्या दिवशी ते घरातून गेले ते दुपारी स्वारगेटला सापडले, मिरजेच्या गाडीची चौकशी करताना. माझ्या नवऱ्याला ते एकच वाक्य सांगत राहिले, "घर मोकळं टाकून आलोय हो." मी परत त्यांना मिरजेला आणलं आणि रजा वाढवली.

तेव्हा मला एवढं कळलं की आप्पा घर सोडतील ते फक्त भाडेकरूच्या हवाली करून, आणि तो भाडेकरू त्यांनी स्वतः पारखलेला पाहिजे. पुण्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आप्पांना ठेवायचं तर तळमजल्यावर घर घ्यायला हवं, आणि त्यासाठी हे विकायला हवं. म्हणजे घर विकायचं होतं आणि ते भाड्यानं दिलंय असं आप्पांना वाटायला हवं होतं. हे कुठल्याही एजंटाला जमलं नसतं. एक बोलावून बघितला होता. त्यानं आल्या आल्या भिंतीला टकटक केलं आणि आप्पांच्या देखत म्हणाला, "घेणारा पाडूनच बांधणार बघा." आप्पांनी विचारलं, हा कोण? मी सांगितलं, वीज मंडळाचा माणूस. आप्पा म्हणाले, "मग भिंतीला कशाला कान लावतोय?"

मग मी स्वतःच पेपरात छोटी जाहिरात दिली. 'मालकाकडून थेट, एजंट नकोत.' खाली माझा मोबाइल नंबर. पण आप्पा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, त्यामुळे जाहिरात येईल त्या दिवशी मी ते पान काढून ठेवायची.

"चौथं पान कुठाय गं?" ते विचारायचे.

"आलंच नाही आज."

"मंगळवारी बी आलं न्हवतं. छापतच नाहीत की काय!" म्हणून ते पेपरवाल्याला पत्र लिहायला बसायचे. अक्षर आरेखकाचं, नकाशावर लिहावं तसं एकेक सुटं. तीन पत्रं मी पोस्टात टाकते म्हणून पर्समध्ये ठेवली.

दीड महिन्यात नऊ गिऱ्हाइकं आली. त्यातले एक विट्याकडचे गृहस्थ, तिकडं दक्षिणेत सोनं गाळायचा धंदा करून आता गावाजवळ स्थायिक व्हायला निघालेले. मी मागितली ती किंमत त्यांनी फाटकातच कबूल केली. आत आल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"पाव्हणं, घर झ्याक हाय तुमचं," ते आप्पांना म्हणाले. "पर जुनं झालं. हितं चार मजली उभी ऱ्हाईल."

"भाडेकरूला चार मजले कशाला पायजेत?" आप्पांनी विचारलं.

ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "सुनीती, तू कुठनं असली माणसं आणायलीस? ह्यापेक्षा बंद राहू दे घर. मी राहतोय की हितं."

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला. "विट्याची पार्टी तयार आहे ना? देऊन टाक की."

"आप्पा नको म्हणाले."

"अगं, आप्पांना खरं कुठं माहीत आहे? त्यांचं नको म्हणणं कशाला धरून बसतेस?"

त्याचं बरोबर होतं. आप्पांनी होकार दिला नाही तर ते इथून हलणार नाहीत, हे एक. पण तेवढंच नव्हतं. त्यांना फसवायचं ते फसवायचं, निदान माणूस तरी त्यांच्या पसंतीचा असू दे, असं काहीतरी माझ्या मनात होतं. पाप करायचं पण आंघोळ करून, त्यातला प्रकार.

दहावं गिऱ्हाईक एक नर्स होती. नाव मार्था आवळे. दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला बावीस वर्षं. नवरा प्रभाकर रेल्वेत. क्वार्टर सोडायची वेळ आली होती. फाटकात मी माझी नेहमीची विनंती सांगितली. बाई ऐकून घेत होत्या, कपाळाला आठी पडत चालली होती.

"ताई, मला हे जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला खोटं बोलता येत नाही. तोंडावर दिसतंय लगेच."

"खोटं बोलू नका. फक्त बोलू नका."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"घर विकायचंय का असं ते विचारणार नाहीत. दुसरं काहीही विचारतील, त्याचं खरं उत्तर द्या."

प्रभाकर आवळे मागून हळूच म्हणाले, "बघून तर घेऊ, मार्था."

आप्पांनी दोघांना समोर बसवलं. सिस्टर आहेत म्हटल्यावर जरा खूश झाले. वरच्या नर्सांनी आईच्या आजारपणात किती केलं ते सांगत बसले. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "घरात काय शिजतंय तुमच्यात?"

मी दारात उभी होते. मार्थाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"मटण, मासे, सगळं शिजतं, काका. रविवारी तर असतंच," त्या म्हणाल्या.

प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मला वाटलं, संपलं, हेही गेले.

"चौतीस वर्षांत," आप्पा म्हणाले, "तुम्ही पहिल्या. खरं सांगणाऱ्या पहिल्याच. मला जिन्यातनं वास यायचा हो. विचारलं की म्हणायचे, काका, बटाटा करपला. चौतीस वर्षं माझ्या घरात बटाटाच करपतोय."

मार्थाबाई हसल्या. आप्पाही हसले. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला काहीच वाटत नव्हतं.

"पण माझं एक आहे," आप्पा म्हणाले. "देवघराची खोली. देव मी माझ्यासंगं पुण्याला नेणार. तरी त्या खोलीत तेवढं काही शिजवू नका."

"नाही शिजवणार."

"मला पुण्याला गुडघ्याच्या उपचाराला नेतीय ही. अकरा महिने. तोवर सगळं घर तुमच्या ताब्यात. माझी रीत एकच. अकरा महिने संपतील त्या दिवशी सकाळी दहाला समोर यायचं. राहायचं असेल तर नवा करार, जायचं असेल तर किल्ली. इकडचा दिवस तिकडं होत नाही माझ्यात."

ते खरंच होतं. वरचे भाडेकरू त्या दिवशी दहाच्या आधीच जिन्यात येऊन उभे राहायचे. कुणी सोडून जाणार असेल तर आप्पा त्यांच्याबरोबर रिकाम्या खोल्यांतून फिरायचे आणि प्रत्येक खोलीत विचारायचे, "काही राहिलंय का?" फळीवर, खिडकीत, मोरीत. नाही म्हटल्यावर पुढच्या खोलीत. मगच किल्ली घ्यायचे.

आवळ्यांनी किंमत थोडी कमी करून मागितली. मी हो म्हणाले.

एक फेब्रुवारीला सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत झालं. आप्पांना बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सोडलं होतं, शेजारच्या काकूंच्या सोबतीनं. कार्यालयात माझा फोटो काढला, अंगठा घेतला. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "दस्त मान्य आहे?"

"मान्य," मी म्हणाले.

एवढंच. माझा जन्म ज्या घरात झाला ते घर गेलं, आणि मी विचार करत होते की अंगठ्याची शाई साबणानं निघेल की रॉकेल लागेल. बाहेर पायऱ्यांवर मार्थाबाईंनी माझा हात धरला.

दुपारी बाराला घरी दुसरा करार होता. आप्पांनी स्टँप पेपर आठवड्यापूर्वीच माझ्याकडून आणवून घेतला होता आणि चार दिवस बसून स्वतःच्या हातानं मजकूर लिहिला होता. मालक, श्री. भूपाल आदगोंडा मगदूम. भाडेकरू, सौ. मार्था प्रभाकर आवळे. खाली अटी. देवघराची अट पहिली. एवढं सुंदर अक्षर मी पुन्हा कुणाचं बघितलं नाही.

पेन मार्थाबाईंच्या हातात होतं. त्या लिहीत नव्हत्या.

"काय झालं, सिस्टर?" आप्पांनी विचारलं. "चुकलंय काही?"

मार्थाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, त्या म्हणाल्या होत्या तसंच. मी हात जोडले. आप्पांच्या पाठीमागं उभी राहून, अंगठ्याची शाई तशीच असलेले हात.

"आप्पा," मार्थाबाई म्हणाल्या. काकांवरून त्या कधी आप्पांवर आल्या ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. "अकरा महिन्यांनी तुम्हाला यायला जमलं नाही, तर?"

"तर नवा करार. रीतच आहे ती."

"मग दर वेळी मी येईन पुण्याला. दहा वाजता. चालेल?"

"तुम्ही कशाला एवढ्या लांब? पोस्टानं पाठवा."

"नाही आप्पा. सही करायची तर तेवढं मला पाळू द्या. नाहीतर मी करत नाही."

आप्पांना ते फार आवडलं. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "भाडेकरू असा बघायचा असतोय."

मार्थाबाईंनी सही केली. आप्पांनी एक किल्ली त्यांना दिली आणि दुसरी आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. "एक मालकाकडं राहतीय," ते म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात मार्थाबाई म्हणाल्या, "राहायलाच पाहिजे."

टॅक्सीत बसताना मी आप्पांना विचारलं, "घर एकदा फिरून बघायचं का? काही राहिलंय का ते?"

"आपण कशाला फिरायचं?" आप्पा म्हणाले. "फिरतो तो सोडून जाणारा. आपण मालक." आणि देवांची पेटी मांडीवर घेऊन ते पुढच्या सीटवर बसले. पुणं येईपर्यंत त्यांना शांत झोप लागली.

पुण्याच्या तळमजल्यावरच्या घरात ते राहिले. स्वारगेटला परत कधी गेले नाहीत. हळूहळू बाकीचं पुसट होत गेलं. आधी माझ्या मुलीचं नाव गेलं, मग नवऱ्याचं. आई गेलेली त्यांना कधी माहीत असायची, कधी नसायची. मी कामाला जायची, यायची, औषधं द्यायची. करार मी विसरून गेले. माझ्या दृष्टीनं तो विषय मिटला होता.

एकतीस डिसेंबरला सकाळी उठून बघते तर आप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्ची ओढून बसलेले. पायाशी पिशवी. हातात किल्ली.

"आज करार संपतोय," ते म्हणाले. "चल. नाहीतर ती बाई यायची इथं."

माझ्या हातातलं दूध तसंच राहिलं. मुलीचं नाव विसरलेल्या माणसाला तारीख आठवत होती. साडेनऊ वाजले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आता सांगून टाकावं, असं मी ठरवलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं.

"आप्पा, ऐका माझं. आपलं घर..."

"दहा वाजू देत," आप्पा म्हणाले. "दहाच्या आधी काही बोलायचं नाही."

दहाला पाच कमी असताना बेल वाजली. दारात मार्थाबाई, रात्रभर गाडीत बसून आलेल्या, केस विस्कटलेले, हातात कोरा स्टँप पेपर.

"आप्पा, आम्हाला अजून राहायचंय," त्या म्हणाल्या. "द्याल का वाढवून?"

आप्पांनी पिशवी बाजूला सारली. "बसा की. सुनीती, चहा टाक."

तशा त्या तीनदा आल्या. डिसेंबरात, मग पुढच्या नोव्हेंबरात, मग त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात. मालकीण भाडेकरू म्हणून यायची, थिएटरच्या ड्यूट्या बदलून, आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. मी एकदा म्हणाले, "सिस्टर, किती करता हो." त्यावर त्या म्हणाल्या, "सही केलीय ना." खरेदीखताबद्दल त्या बोलत असाव्यात असं क्षणभर मला वाटलं. पण त्या दुसऱ्याच कागदाबद्दल बोलत होत्या.

तिसऱ्या वेळी आप्पांचा हात कापायला लागला होता. तरी मजकूर दुसऱ्या कुणाला लिहू देईनात. सकाळभर लिहीत होते. मी चहा करायला आत गेले, बाहेर आले तेव्हा सह्या झाल्या होत्या आणि आप्पा कागदाची घडी घालत होते.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये आप्पा गेले, सकाळी, झोपेतच. मार्थाबाई आल्या, पायाशी बसल्या, गेल्या. मी तेव्हाही रडले नाही. लोक म्हणाले, सुनीती खंबीर आहे. ते खरं नव्हतं, पण त्यांना काय सांगणार?

सप्टेंबरात मी त्यांची कागदांची पेटी उघडली. किल्ली होती आणि चारही करार होते, क्रमानं लावलेले. शेवटचा करार कधी संपतो ते बघायला मी तो उघडला. तीस सप्टेंबर. मग सवयीनं वरपासून वाचायला लागले. अक्षर वेडंवाकडं होतं, पण एकेक सुटं होतं आणि खाडाखोड कुठं नव्हती.

मालक, सौ. मार्था प्रभाकर आवळे. भाडेकरू, श्री. भूपाल आदगोंडा मगदूम.

खाली सह्याही तशाच होत्या. मालकाच्या जागी मार्थाबाईंची, भाडेकरूच्या जागी आप्पांची.

तीस सप्टेंबरला सकाळी मी मिरजेला पोचले. फाटकाला रंग दिला होता. घड्याळात दहाला सात कमी होते. मार्थाबाई सोप्यातच उभ्या होत्या. मी येणार असं मी कळवलं नव्हतं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

मी कागद त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे, सिस्टर?"

त्यांनी तो हातात घेतला नाही. बघायची त्यांना गरज नव्हती.

"तुम्ही चहा करायला आत गेला होतात. त्यांनी कागद पुढं केला. मी म्हटलं, आप्पा, नावं उलटी पडलीत. ते म्हणाले, बरोबर आहेत."

"आणि?"

"आणि म्हणाले, सही करा. चहा यायच्या आत."

"त्यांना कधीपासून माहीत होतं?"

"ते मी विचारलं नाही, ताई. विचारवलं नाही मला."

चहा यायच्या आत. म्हणजे मला कळू नये म्हणून. अडीच वर्षांहून जास्त मी आप्पांपासून लपवत होते, आणि निदान त्या दिवशी तरी आप्पा माझ्यापासून लपवत होते. पेपरचं चौथं पान, वीज मंडळाचा माणूस, गुडघ्याचा उपचार, यातलं काय काय त्यांनी मुकाट गिळलं होतं ते मला आता कधीच कळणार नव्हतं.

मी पर्समधून किल्ली काढली. "आज करार संपतो. भाडेकरू सोडून जातोय."

मार्थाबाईंनी हात पुढं केला नाही.

"तशी नाही घेता येत," त्या म्हणाल्या. "आप्पांची रीत मला माहीत आहे. वरच्या माळ्याच्या सिस्टरनी सांगितली होती, इथं राहून गेलेल्या. आधी घर फिरून बघायचं."

आम्ही वरून सुरुवात केली. वरच्या दोन खोल्यांत त्यांची मुलं अभ्यास करायची. फळीवर पुस्तकं. "काही राहिलंय का?" मार्थाबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

जिना उतरून माजघर, मग आईची खोली. तिथं त्यांचं कपाट होतं, शिलाई मशीन होतं. "काही राहिलंय का?"

"नाही."

स्वयंपाकघरात कुकर चालू होता. मटणाचा वास येत होता, अगदी जिन्यापर्यंत. "बटाटा करपलाय," मार्थाबाई म्हणाल्या, आणि मी हसले. "काही राहिलंय का?"

"नाही."

देवघराचं दार त्यांनी ढकललं. खोली रिकामी होती. एक वस्तू नाही. ट्रंक नाही, गादी नाही, धान्याचा डबा नाही. चार माणसांच्या घरात एक आख्खी खोली साडेतीन वर्षं मोकळी ठेवली होती. फरशी पुसलेली, अजून ओली. कोनाड्यात जिथं देव असायचे तिथं देवांच्या बुडांचे गोल डाग तसेच होते.

"शिजवू नका म्हणाले होते," मी म्हणाले. "वापरू नका असं नव्हतं."

"वापरायला लागलो की मग शिजवणंही सुरू होतं, ताई. म्हणून काही ठेवलंच नाही."

मग त्यांनी विचारलं, तसंच, सावकाश.

"काही राहिलंय का?"

मला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो दुसराच. मी कोनाड्याला धरून खाली बसले आणि रडायला लागले. आईचं, आप्पांचं, सगळं एकदमच आलं. किल्ली मुठीत रुतत होती.

मार्थाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना ड्यूटीवर जायचं होतं, गणवेश घातलेला होता. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि किल्लीसाठी हातही पुढं केला नाही.